एवढ्याशा आधारासाठी

२०२५ च्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते. जेवणखाण आटोपून आम्ही वर्तमानपत्र चाळीत बसलो होतो आणि आमच्या सहचारिणी उद्याच्या डब्यासाठी मेथी निवडीत होत्या. बाहेर पाऊस कोसळत होता. एवढ्यात गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीतून लोखंड आपटल्याचा आवाज आला. पाठोपाठ काहीतरी घरंगळत गेले आणि मग नुसता पावसाचा आवाज उरला. आम्ही दोघेही जिना चढून वर धावलो. दाराला आतून कडी. हाका मारल्या, दार बडवले, तरी उत्तर नाही. आईचा चेहरा तर पांढराफटक पडला होता.

मिनिटभराने दार उघडले. दारात मुलगी उभी. दोन्ही कानांत गाणी ऐकण्याची बोंडे आणि चेहऱ्यावर आश्चर्य.

"काय झालं बाबा? प्लेट पडली नुसती."

आमची ही धाकटी मुलगी दिवसा एका कचेरीत काम करते, शेवटच्या वर्षाचा अभ्यासही करते आणि विद्यापीठाच्या पॉवरलिफ्टिंग स्पर्धेत उतरायचे म्हणून व्यायाम करते. व्यायामशाळेची वेळ तिला जमत नाही. म्हणून पगारातून पैसे साठवून तिने एक जुना बाक, स्टँड, रॉड आणि वजने विकत घेतली आणि गच्चीवरच्या खोलीत मांडली. पोरगी अंग कमावते आहे याचा आम्हांला अभिमानच होता. त्या रात्री व्यायाम संपवून ती वजने उतरवीत होती. रॉड स्टँडवरच होता. तिने एका बाजूच्या सगळ्या प्लेटी काढल्या, तशी दुसरी बाजू जड होऊन रॉड उलटला. स्टँडचे दोन खांब जवळजवळ असले की हे हटकून होते. तिच्या पायाला लागले नाही हे नशीब. ती हसत होती. आम्ही मात्र रॉडकडे बघत उभे राहिलो.

त्या रात्री आम्हांला झोप लागली नाही. १९८९ सालची एक सकाळ डोळ्यांपुढून हलेना. ती सकाळ आम्ही छत्तीस वर्षे कोणाला सांगितली नव्हती. दुसऱ्या दिवशी ती मुलीला सांगितली आणि आज वाचक बंधुभगिनींना सांगत आहोत. कारण आता वस्तीवस्तीत, घराघरांत तरुण मुले-मुली वजने उचलतात, आणि पुष्कळदा एकटीच उचलतात.

त्या वेळी आम्ही तेवीस वर्षांचे होतो. रेल्वेच्या कारशेडमध्ये नुकतेच लागलो होतो. मुंबईतल्या आमच्या वस्तीत समाजमंदिराच्या मागे एक पत्र्याची खोली होती, तीच आमची व्यायामशाळा. पाच-पाच रुपये वर्गणी काढून पोरांनी तिथे सामान जमवले होते. बाक तर वस्तीतल्याच एका वेल्डरने अँगल जोडून केलेला. वर प्लायवुड आणि रेक्झिन. आरसा एकच, तोही तडकलेला. पण त्या खोलीत शिरले की आपण कोणीतरी आहोत असे वाटे. संध्याकाळी तिथे पाय ठेवायला जागा नसे. आम्हांला मात्र रात्रपाळी. सकाळी साडेसात-आठला घरी यावे, तेव्हा पोरे कामावर नाहीतर शाळा-कॉलेजात गेलेली. मग शेजारून किल्ली घ्यायची आणि एकट्यानेच व्यायाम करायचा, असा आमचा क्रम होता.

बेंच प्रेस म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. बाकावर उताणे झोपायचे, डोक्यामागच्या स्टँडवरून वजनाचा रॉड दोन्ही हातांनी उचलायचा, छातीपर्यंत खाली आणायचा आणि पुन्हा वर ढकलायचा. छाती, खांदे आणि दंड यांना हा उत्तम व्यायाम. पण त्यात एक मेख आहे. जमिनीवरून वजन उचलताना जमले नाही तर ते सोडून देता येते. उभ्याने हातात धरलेले वजन खाली टाकून बाजूला होता येते. इथे मात्र माणूस खाली आणि वजन वर. पाठीशी बाक, पळायला वाट नाही. म्हणूनच बेंच मारताना डोक्याशी एक माणूस उभा राहतो. व्यायामशाळेच्या भाषेत त्याला सपोर्ट देणे म्हणतात.

त्या सकाळी आम्ही दहा किलोच्या रॉडला दोन्हीकडे मिळून साठ किलो लावले. एकूण सत्तर. रात्रभर जागरण, पोटात नुसता चहा. पण आदल्या रविवारी पोरांपुढे सत्तरचे सहा काउंट मारले होते, तेव्हा आज आठ मारायचे असे मनाने घेतले. प्लेटी सरकू नयेत म्हणून दोन्ही बाजूंच्या कॉलरी पान्याने आवळल्या. कोणीतरी सांगितले होते की अंगठा रॉडभोवती न घेता बोटांच्याच बाजूला ठेवला की छातीवर जोर चांगला येतो. आम्ही तेही करीत होतो.

पाच काउंट झाले. सहाव्याला रॉड छातीवरून वीतभर उठला आणि तिथेच थांबला. हात थरथरू लागले. रॉड हळूहळू खाली आला आणि छातीवर बसला. पुन्हा जोर केला, तो वाकडा झाला आणि घामेजल्या तळहातांवरून गळ्याकडे सरकला. आम्ही मान वळवली म्हणून तो नरड्यावर न बसता गळ्याखालच्या हाडांवर टेकला. कॉलरी आवळलेल्या, त्यामुळे प्लेटी निघून पडण्याचा प्रश्नच नव्हता. छातीवर भार आला की श्वास पुरता आत जात नाही, आणि श्वास नसला की हाक कोठून निघणार? पण खरे सांगायचे तर सुरुवातीला, हाक निघत होती तेव्हाही आम्ही ती मारली नाही. बाहेर नळावर बायाबापड्या होत्या. त्यांनी येऊन आपल्याला असे चेंगरलेले पाहावे, याची आम्हांला लाज वाटली. रॉड गळ्याशी आणि मनात लाज! नंतर कितीतरी वेळा आम्ही स्वतःला विचारले की ही लाज कोणाची आणि कशासाठी होती.

शेवटी आम्ही पायाने बाकाशेजारची लोखंडी बादली लाथाडली. तो आवाज ऐकून नळावर पाणी भरणाऱ्या एक आजी दारात आल्या. साठीच्या पुढच्या, अंगाने काडीसारख्या. एका क्षणात त्यांना कळले. कळशी खाली ठेवली, रॉडला मधोमध दोन्ही हात घातले आणि म्हणाल्या, "लाव जोर." आम्ही जोर लावला. रॉड वर गेला आणि स्टँडवर बसला.

आम्ही खोकत उठून बसलो. आजी कमरेवर हात ठेवून बघत होत्या. म्हणाल्या, "एवढ्याशा आधाराला अडला हुतास व्हय रं? आरं लेकरा, हाक न्हाई मारायची?"

ते वाक्य आम्ही आयुष्यभर चघळीत आलो आहोत. त्या आजींनी सत्तर किलो उचलले नव्हते, तेवढे त्यांना उचलताही आले नसते. थकलेल्या माणसाचे बळ एकदम शून्यावर येत नाही. ज्या क्षणी रॉड अडतो त्या क्षणी त्याच्या हातांत साठ-पासष्ट किलोंचा जोर अजून असतो. कमी पडतात ते वरचे पाच-सात किलो. तेवढे कोणीही देऊ शकते. आई देऊ शकते, धाकटा भाऊ देऊ शकतो, शेजारची म्हातारीही देऊ शकते. मात्र हाक वेळेवर गेली पाहिजे. गप्प राहून धडपडण्यात जितका वेळ जातो तितके हातांतले बळ ओसरते, आणि मग पाच किलोंचा आधार पुरत नाही.

आजींना आम्ही हात जोडले आणि कोणाला सांगू नका असे विनवले. त्याही हसून गेल्या. आम्ही तो विषय मनातच पुरला.

इथवरच गोष्ट असती तर ती आमच्यापुरती राहिली असती. पण त्यानंतर तीन-चार महिन्यांनी दिवाळीच्या सुटीत वस्तीतला एक सतरा वर्षांचा मुलगा सकाळी एकटाच व्यायामशाळेत गेला. त्याचाही रॉड सुटला आणि तोंडावर पडला. समोरचे दोन दात गेले, जबड्याला मार बसला. गळ्यावर पडता तर काय झाले असते हे सांगायला डॉक्टर लागत नाही. नरडे आणि मानेच्या रक्तवाहिन्या दाबल्या गेल्या की काही सेकंदांत शुद्ध जाते, आणि चार-सहा मिनिटे मेंदूला प्राणवायू मिळाला नाही तर तो कायमचा अधू होऊ लागतो. एवढ्या वेळात वस्तीतल्या बाईची एक कळशीसुद्धा भरत नाही.

आम्ही त्याला बघायला गेलो. त्याची आई खाटेशी बसली होती. आम्हांला बघून ती एवढेच म्हणाली, "तुम्ही एकटे करता ते बघून गेला तो, भाऊ."

त्या माउलीच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरे वाटले असते. आपल्यावर बेतलेला प्रसंग आपण वेळीच चार पोरांत सांगितला असता तर हा मुलगा वाचला असता, हा काटा तेव्हापासून मनात राहिला. मंडळाची सभा झाली. मागे माणूस असल्याशिवाय कोणी बेंच मारू नये, असे भिंतीवर रंगवले गेले. आम्हीही मान डोलावली, पण आपली सकाळ त्या सभेतही सांगितली नाही.

भिंतीवरचा नियम महिनाभर टिकला. पाळीत काम करणाऱ्यांनी मागे उभा राहायला माणूस कोठून आणायचा? तेव्हा आमचे मास्तर म्हणाले, माणूस नसेल तर लोखंडाला उभे करू. त्यांनी वस्तीतल्या वेल्डरकडून अँगलचे दोन घोडे करून घेतले. सुतार लाकूड कापायला ठेवतो तसे, पण खाली पाया रुंद. बाकाच्या दोन्ही बाजूंना ते ठेवायचे, उंची छातीच्या जरा खाली. रॉड सुटला तर घोड्यांवर थांबणार, माणसावर येणार नाही. आज मोठ्या व्यायामशाळांत चार खांबांचा पिंजरा असतो आणि त्यात आडवे दांडे लावतात, त्याचे काम हेच.

हे सारे आम्ही मुलीला सांगितले. तिने शांतपणे ऐकले. मग विचारले, "बाबा, आता काय करू? बेंच बंद करू?"

बंद करायला सांगणे सोपे होते. बापाच्या तोंडी तेच येते. पण ज्या मुलीने स्वतःच्या पगारातून लोखंड घेतले तिला भीतीपोटी घरात बसवायचे नव्हते. त्या रविवारी आम्ही तिघेही गच्चीवरच्या खोलीत बसलो आणि एकेक गोष्ट ठरवली. तीच इथे देतो. कोणाच्या घरी उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट घोड्यांची. दोन्ही घोडे हातांच्या बाहेर आणि प्लेटींच्या आत यावेत. बेंच मारताना पाठीला थोडी कमान येते आणि छाती वर उचलली जाते. त्या स्थितीत रॉड छातीला टेकला की घोड्याचा माथा त्याच्या दोन बोटे खाली असावा. म्हणजे व्यायामात अडथळा होत नाही, आणि अडचण आली की पाठ बाकाला सपाट टेकवायची. छाती खाली जाते आणि रॉड घोड्यांवर राहतो. पण नुसत्या मापावर विसंबू नये. मोकळा रॉड घेऊन आधी झोपून बघावे. तो गळ्यावर आणि चेहऱ्यावर आणला तरी घोडे त्याला वरच अडवतात ना, याची खात्री करावी. प्रत्येकाची छाती वेगळी, तेव्हा दुसऱ्याच्या मापावर झोपू नये.

दुसरी गोष्ट अंगठ्याची. अंगठा रॉडभोवती घट्ट आलाच पाहिजे. आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंगच्या नियमांतही ही सक्ती आहे, हे मुलीनेच आम्हांला सांगितले. तळहात पुसावेत. मनगट मागे मोडू देऊ नये.

तिसरी गोष्ट कॉलरींची. पिंजरा नाही, घोडे नाहीत, माणूसही नाही, आणि तरीही बेंच मारायचाच असेल तर कॉलरी लावू नयेत. रॉड छातीवर अडला तर एका बाजूला कलंडायचे, त्या बाजूच्या प्लेटी घसरून पडतात. मात्र त्या पडताक्षणी दुसरी बाजू झटक्याने खाली जाते आणि रॉड उसळतो. आजूबाजूला लहान मूल वा दुसरे कोणी नसावे आणि आपण रॉड घट्ट धरलेला असावा. हा शेवटचा उपाय आहे, रोजची रीत नव्हे.

चौथा उपाय पुष्कळांना माहीत असतो. अडलेला रॉड छातीवरून पोटावर, पोटावरून मांड्यांकडे लोटीत न्यायचा आणि उठून बसायचे. वजन बेताचे असेल तर हे जमते. जड असेल तर पोटाला इजा होते. आधी हलक्या वजनाने सराव करून बघावा. एवढे मात्र पक्के लक्षात ठेवावे की रॉड न्यायचा तो पायांच्या दिशेने. गळ्याकडे कधीही नाही.

पाचवी गोष्ट सर्वांत सोपी आणि पाळायला सर्वांत कठीण. एकटे असताना शेवटचा काउंट मारायचाच नाही. रॉड वर जाताना मंदावू लागला की शरीर आपल्याला सांगत असते. अजून दोन काउंट होतील असे वाटते तेव्हाच रॉड ठेवून द्यावा. ताकद त्यानेही वाढते. कमाल किती उचलता येते हे बघायचा दिवस वेगळा ठेवावा, आणि त्या दिवशी माणूस बोलवावा. वजन मोजताना रॉडचे वजनही धरावे. स्पर्धेचा मोठा रॉड एकटाच वीस किलोंचा असतो. घरच्या बाकाला किती भार सोसतो तेही बघावे, कारण त्यावर वजनाबरोबर आपले अंगही असते.

सहावी गोष्ट रॉड ठेवण्याची. थकलेले हात स्टँडचा आकडा शोधू लागले की घात होतो. हात पूर्ण ताठ करावेत, रॉड मागे नेऊन आधी खांबांना टेकवावा आणि मगच आकड्यांत उतरवावा. स्टँडची उंची अशी असावी की रॉड उचलताना कोपर किंचितच वाकलेले असेल. वजने उतरवताना एकदा या बाजूची, एकदा त्या बाजूची प्लेट काढावी. त्या रात्रीचा आवाज हे न केल्यामुळे झाला होता.

आणि ज्यांच्याकडे यांतले काहीच नाही, त्यांनी डंबेल घ्यावेत. ते दोन्ही बाजूंना सोडून देता येतात, मात्र जवळ कोणी नसावे. नाहीतर चटईवर झोपून रॉड दाबावा. त्यात कोपर जमिनीला टेकतात आणि रॉड छातीपर्यंत येतच नाही. प्लेटी मोठ्या, ४५ सेंटिमीटर व्यासाच्या असतील तर रॉड जमिनीपासून साधारण वीतभर उंचीवर थांबतोही. लहान प्लेटींत ही सोय नाही. तिथे वजन हलकेच ठेवावे. जोर काढणे तर आपल्या वाडवडिलांपासूनचे आहेच. त्याला कोणाचा सपोर्ट लागत नाही.

मुलीने विचारले, "पण बाबा, मागे माणूस असला म्हणजे तर झालं ना?"

आम्ही तिला बिकानेरची आठवण करून दिली. २०२५ च्या फेब्रुवारीत राजस्थानातल्या त्या शहरात सतरा वर्षांची एक पॉवरलिफ्टर सराव करताना गेली. २७० किलोंचा रॉड खांद्यांवर घेऊन बैठक मारताना तो तिच्या मानेवर आला. प्रशिक्षक जवळ उभे होते. तो प्रकार बेंचचा नव्हता, तरी त्यातून एक गोष्ट कळते. जड वजन सुटते तेव्हा एका माणसाचे दोन हात त्याला पुरे पडतीलच असे नाही. स्पर्धेच्या मंचावरही किमान दोन माणसे उभी करतात. म्हणून माणूस हवाच, आणि लोखंडही हवे.

घोडे कोणाकडून करून घ्यावेत हा प्रश्न आला तेव्हा आमच्या डोळ्यांपुढे एकच नाव आले. दिवाळीच्या सुटीत ज्याचे दात गेले तो मुलगा. त्याने पुढे आयटीआयमध्ये वेल्डरचे शिक्षण घेतले. आज त्याचा फॅब्रिकेशनचा गाळा आहे, पन्नाशी ओलांडली आहे. अजूनही तो ओठ मिटूनच हसतो. आम्ही गाळ्यावर गेलो, काम सांगितले. तो टेप घेऊन लगेच घरी आला. मुलीला बाकावर झोपवून, मोकळा रॉड हातात देऊन तीन वेळा माप घेतले.

जाताना आम्ही त्याला जिन्यात थांबवले आणि १९८९ ची ती सकाळ सांगितली. सांगताना आवाज नीट निघेना. म्हटले, "तेव्हा बोललो असतो तर तुझं हे झालं नसतं."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "दादा, मला माहीत होतं. नळावरच्या आजीनं मला तेव्हाच सांगितलं होतं. एकटा जाऊ नको म्हणाली होती. मला वाटलं, तुमचं झालं, माझं नाही होणार."

छत्तीस वर्षांचा काटा असा एका वाक्याने निघाला असे आम्ही म्हणणार नाही. आम्ही गप्प राहिलो हे चुकलेच. पण त्या दिवशी आम्हांला एक गोष्ट नव्याने उमगली. सांगणे आपले कर्तव्य आहे, तरी तरुण माणूस ऐकूनही विसरतो, किंवा ते आपल्यासाठी नाही असे मानतो. लोखंडाचा घोडा विसरत नाही. म्हणून मुलांना उपदेश करावा, आणि त्याबरोबर घोडेही करून द्यावेत.

त्याने आठ दिवसांत घोडे आणून दिले. पैसे घेतले नाहीत. पहिल्याच दिवशी मुलीने त्यांच्यावर मुद्दाम रॉड टाकून बघितला. घोडे हलले नाहीत. दाराची आतली कडी आम्ही काढून टाकली. कानांतली बोंडे बाकावर झोपताना काढायची असे ठरले. पायाशी तेलाचा रिकामा डबा ठेवला आहे, अडले तर लाथ मारायला. पण पावसाळ्यात पत्र्यावर असा ताशा वाजतो की डब्याचा आवाज खाली येईलच असे नाही. त्यावर तोड काढली ती तिच्या आईने.

आता रात्री ती मेथीची जुडी आणि परात घेऊन वरच जाऊन बसते. व्यायामातले तिला काही कळत नाही असे ती म्हणते. मुलीने तिला शिकवले आहे ते एवढेच: रॉड थांबला असे दिसले की उठायचे, गुडघे थोडे वाकवून मधोमध दोन्ही हात घालायचे आणि वर ओढायचे. एकदा हलक्या वजनावर तालीमही झाली. आई घाबरून म्हणाली, "अगं, मला कुठे एवढं उचलतंय?" मुलगी म्हणाली, "तुला उचलायचं नाही आई. एवढासाच आधार द्यायचा आहे."

आम्ही दारात उभे होतो. आजी जाऊन कित्येक वर्षे झाली. त्यांचे शब्द आपण घरात पोचवले एवढे समाधान वाटले.

परवा रात्री वरून हाक आली. "आई, बाबा, शेवटचा सेट आहे, कोण मोकळं आहे?" आम्ही वर्तमानपत्र ठेवले आणि जिना चढू लागलो.